गरोदरपणात कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स ‘हाय’ आलेत. बाळाच्या वजनावर काय परिणाम होतो?

पारिजात_नेरुळ | १४ जून, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण आहे, २९वा आठवडा चालू आहे. घर नेरुळला, नोकरी ऐरोलीला.

ऑफिसतर्फे वर्षातून एकदा सगळ्यांची रक्ततपासणी होते. मीही सगळ्यांबरोबर रक्त दिलं. फॉर्मवर गरोदर असल्याचं लिहायला जागा नव्हती आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल २६४, ट्रायग्लिसराइड्स २३१, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५८, एचडीएल (‘चांगलं’) ६०. एचडीएल सोडून सगळं लाल अक्षरात. गेल्या वर्षी कोलेस्टेरॉल १७८ आणि ट्रायग्लिसराइड्स ९६ होते, म्हणून जास्तच धसका घेतला.

घरच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकला. दिरांनी लिहिलं, तेलतूप आजपासून बंद. सासूबाईंनी तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. गेले बारा दिवस तूप नाही, दाण्याचा कूट नाही, ओलं खोबरं नाही, अंड्याचा पिवळा बलक नाही. सकाळी बिस्किटं आणि मोसंबीचा रस, दुपारी उकडलेली भाजी नि दोन फुलके, संध्याकाळी मुरमुरे, रात्री बिनतुपाची खिचडी. आज वजन केलं तर अर्धा किलो कमी भरलं. सातव्या महिन्यात वजन उतरलं म्हणून आता झोप येत नाहीये.

मी स्वतः जन्मले तेव्हा २ किलो १०० ग्रॅमची होते. आई अजून सांगते की मला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. ते सारखं आठवतंय.

माझी डॉक्टरांची तारीख १८ला आहे. तोवर कुणी समजावून सांगेल का? माझ्या रक्तातली चरबी बाळापर्यंत पोचते का? त्यानं बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं की मी बंद केल्यानं लहान राहील?

---

कळवेकर | १४ जून, रात्री ११:२०

१८ तारखेपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून वजन कमी झाल्याचं सांगा. बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे ना, तेवढं बघा. बाकी चर्चा नंतर.

---

सूक्ष्मदर्शक | १५ जून, सकाळी ६:४०

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये १७ वर्षं काम करतोय. लाल रंगाबद्दल तेवढं सांगतो, कारण हा फोन आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो.

तो लाल रंग कुणी माणूस तुमच्याकडे बघून देत नाही. मशीनमधून आकडा येतो, संगणक तो छापील मर्यादेशी ताडतो आणि वर गेला की लाल करतो. कोलेस्टेरॉल २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत या मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढ माणसासाठी आहेत. गरोदरपणाचे वेगळे आकडे बहुतेक लॅब छापत नाहीत. तिसऱ्या तिमाहीत निरोगी बाईचं एकूण कोलेस्टेरॉल साधारण २२० ते ३५० च्या दरम्यान असतं आणि ट्रायग्लिसराइड्स १३० ते ४५० पर्यंत जातात. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे त्यातच बसतात.

दोन प्रश्न विचारतो. रक्त उपाशीपोटी दिलं होतंत का? ट्रायग्लिसराइड्स जेवणानंतर चढतात. आणि थायरॉईडची तपासणी अलीकडे झाली आहे का? थायरॉईड मंद असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं, आणि गरोदरपणात थायरॉईड बघणं तसंही जरुरीचं असतं.

---

पारिजात_नेरुळ | १५ जून, सकाळी ८:१०

दादा, आकडे वाचून बरं वाटलं. उपाशीपोटीच दिलं होतं, बारा तास. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी, तिसऱ्या महिन्यात केली होती तेव्हा बरोबर होती. दवाखान्यात फोन केला, त्यांनी उद्याच बोलावलंय. हालचाल नेहमीसारखी आहे.

---

तलावपाळी | १५ जून, दुपारी ३:३०

पारिजात, मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नौपाड्यात ३४ वर्षं बाळंतपणं केली. इथून तुला तपासता येत नाही, उद्या तुझ्या डॉक्टर सांगतील ते प्रमाण मान. पण रक्तातली चरबी का वाढते हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या घरांत कणगी असायची. सुगीत भरून ठेवायची, पावसाळ्यात काढून खायची. गरोदर बाईचं शरीर तसंच वागतं. पहिल्या साडेचार-पाच महिन्यांत ते चरबी साठवतं, मांड्यांवर, कमरेवर, पाठीवर. पुढच्या महिन्यांत तीच चरबी मोकळी करून रक्तात सोडतं. इस्ट्रोजेनमुळे यकृत जास्त ट्रायग्लिसराइड्स तयार करून रक्तात पाठवतं. वारेतून (प्लॅसेंटातून) येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावर इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो आणि साठ्यातली चरबी सुटायला लागते. साठवणीच्या पेशी रक्तातली चरबी आत ओढून घेणंही कमी करतात. या सगळ्यामुळे शेवटच्या तिमाहीपर्यंत ट्रायग्लिसराइड्स दुपटीनं, कधी तिपटी-चौपटीनं वाढतात आणि कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्यानं. तुझं १७८ चं २६४ झालं आणि ९६ चं २३१. अगदी पुस्तकातलं उदाहरण म्हणून दाखवावं असं आहे.

यामागची सोय बघ. आई स्वतःची गरज चरबीवर भागवायला लागते, त्यामुळे रक्तातली साखर आणि अमिनो आम्लं बाळासाठी उरतात. तू रात्री जेवून झोपलीस आणि सकाळपर्यंत काही खाल्लं नाहीस तरी बाळाची पंगत चालू राहते ती अशी.

आता तुझा मुख्य प्रश्न. ट्रायग्लिसराइडचा अख्खा कण वारेतून पलीकडे जात नाही. वारेच्या आईकडच्या बाजूला विकरं (एन्झाइम्स) असतात, ती तो कण फोडतात आणि सुटलेली मेदाम्लं पलीकडे जातात. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी डीएचएसारखी लांब मेदाम्लं याच वाटेनं पोचतात. कोलेस्टेरॉलचं थोडं निराळं आहे. वार त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवते, ज्याच्यावर गर्भ टिकतो. बाळाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल लागतं. त्यातलं बरंच ते स्वतः तयार करतं, काही आईकडून घेतं. तेव्हा तुझ्या रक्तातली चरबी म्हणजे अंगात शिरलेली घाण नव्हे. त्यात बाळाचा वाटा आहे.

आणि वेळ बघ कोणती आहे. माणसाचं पूर्ण दिवसांचं बाळ वजनाच्या साधारण सातवा-आठवा हिस्सा चरबी अंगावर घेऊन येतं, आणि ती जवळजवळ सगळी शेवटच्या तिमाहीत चढते. तू नेमकी त्याच वेळी खाणं तोडलंस. घाबरवत नाही, बारा दिवसांनी काही बिघडत नसतं. पण आज रात्रीपासून खिचडीवर तूप घे.

---

खारघरची_आई | १५ जून, रात्री ९:५०

ताईंचं सगळं वाचलं, पटलं. पण ‘गरोदरपणात वाढतंच’ म्हणून सोडून देऊ नका अशी हात जोडून विनंती आहे.

माझ्या वेळी मला गरोदरपणातला मधुमेह निघाला होता. साखर औषधानं आणि पथ्यानं बरीच आटोक्यात होती, वहीत रोज लिहीत होते, कधी हयगय केली नाही. ट्रायग्लिसराइड्स ३८० होते. मी तीनदा विचारलं, तीनदा ‘त्याकडे बघू नका’ हेच उत्तर मिळालं. मुलगा ४ किलो १५० ग्रॅमचा झाला. खांदा अडकला. दोन मिनिटं असतील, पण माझ्या नवऱ्याला अजून ती खोली आठवली की घाम फुटतो. जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली गेली, दोन दिवस काचेच्या पेटीत होता. आता चार वर्षांचा आहे, ठणठणीत आहे.

मला दोष कुणाला द्यायचा नाही. पण साखर चांगली असूनही बाळ मोठं का झालं, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

---

तलावपाळी | १५ जून, रात्री १०:३०

खारघरची आई, तुमचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर मिळायला हवं होतं. मधुमेह असलेल्या आणि वजन मुळात जास्त असलेल्या मातांमध्ये ट्रायग्लिसराइड्सचा बाळाच्या आकाराशी संबंध अधिक ठळक दिसतो. बर्लिनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणातला मधुमेह असलेल्या, साखर चांगली राखलेल्या बायका होत्या. त्यांच्यात बाळाच्या पोटाचा घेर आणि जन्मतः अंगावरची चरबी ही आईच्या साखरेपेक्षा रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्स आणि मेदाम्लांशी जास्त जुळली. साखर नीट असली की ती वाट बंद होते, पण चरबीची वाट उघडी राहू शकते. तुमच्या बाबतीत नक्की हेच झालं असं मी म्हणू शकत नाही. पण तुम्ही काही चुकलात म्हणून बाळ मोठं झालं, हे मनातून काढून टाका.

पारिजात, म्हणून तुझ्या बाबतीत माझा पहिला प्रश्न साखरेचा आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती तपासणी झाली का? आपल्याकडे १४० किंवा वर आली तर मधुमेह धरतात. २४ ते २८ आठवड्यांत ती व्हायलाच हवी. दुसरा प्रश्न रक्तदाबाचा. ट्रायग्लिसराइड्स जास्त असणाऱ्यांत पुढे रक्तदाब चढण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. लिपिडच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, एका कागदावरून निर्णय करायचा नसतो. साखर, दाब, लघवीतली प्रथिनं, आईचं वजन, बाळाची वाढ, सगळं एका ओळीत ठेवून बघायचं.

---

कडीपत्ता | १६ जून, सकाळी ११:१५

मी आहारतज्ज्ञ, शिक्षण पुण्यात, आता पाचपाखाडीत राहते. या विषयावरचं एक महत्त्वाचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालंय आणि इथे कुणाला ते माहीत नसावं याचं वाईट वाटतं, म्हणून लिहिते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. १८व्या आणि २८व्या आठवड्यात त्यांचं रक्त घेतलं, आहार नोंदवला आणि जन्मल्यावर बाळांची मोजमापं घेतली: वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाची आणि पाठीची कातडी चिमटीत धरून तिची जाडी. तीच मुलं आज तिशीत आहेत आणि अभ्यास अजून चालू आहे.

याच अभ्यासातून २०१३ साली रक्तातल्या चरबीवरचा लेख आला. आईची साखर जशी बाळाच्या आकाराशी जुळत होती, तसंच आईचं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्सही जुळत होते, आणि साखरेइतकेच. आईच्या रक्तात हे थोडं जास्त, तर बाळ थोडं मोठं. लक्षात घ्या, या मधुमेही किंवा लठ्ठ बायका नव्हत्या. तिथे ‘मोठं’ म्हणजे चार किलोचं बाळ नव्हे, सरासरी थोड्या ग्रॅमचाच फरक. ज्या समाजात अडीच किलोच्या आतली बाळं इतकी जन्मतात, तिथे हा फरक फार मोलाचा आहे.

उलट बाजूचाही पुरावा आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या मातांवरचा २००७ चा अभ्यास आहे. ज्यांचं कोलेस्टेरॉल सगळ्यांत खालच्या दहा टक्क्यांत होतं, त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी दीडशे ग्रॅमनं हलकी भरली. म्हणजे कमी तितकं चांगलं हा नियम गरोदरपणात चालत नाही.

पण एक गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. रक्तातली चरबी आणि ताटातली चरबी एकच नव्हे. पारिजात, तुझा बारा दिवसांचा आहार बघ. तूप गेलं आणि जागेवर आलं काय, तर बिस्किटं, रस, मुरमुरे. यकृत ट्रायग्लिसराइड्स बनवतं त्यात साखर आणि मैद्याचा हात मोठा असतो. तू ज्या आकड्याला घाबरलीस, त्यालाच खतपाणी घातलंस, आणि बाळाला लागतात ती मेदाम्लं तेवढी काढून टाकलीस.

ऑस्लोमध्ये २९० गरोदर बायकांवर केलेली एक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना मधल्या महिन्यांपासून मासे, सुकामेवा, वनस्पतीजन्य तेलं, भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध असा आहार दिला. त्यांचं कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, पण बाळांचं वजन कमी झालं नाही. चरबीचा प्रकार बदलला, चरबी बंद केली नाही. एवढाच धडा घे.

---

आजी_वर्तकनगर | १६ जून, दुपारी ४:००

मुली, मी तीन सुनांची बाळंतपणं केली. आमच्याकडे सातवा लागला की रोज सकाळी चमचा चमचा तूप प्यायला द्यायचे, म्हणजे वाट गुळगुळीत होते. डिंकाचे, अळिवाचे लाडू मात्र बाळंत झाल्यावरच, गरोदरपणी नाही. डॉक्टरताई, हे बरोबर की चूक? आता नात गरोदर आहे आणि मला चुकीचं काही करायचं नाही.

---

तलावपाळी | १६ जून, संध्याकाळी ६:२०

आजी, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. प्यायलेलं तूप आतड्यात जातं, पचतं आणि रक्तात मिसळतं. बाळाच्या येण्याच्या वाटेपर्यंत ते जात नाही, त्यामुळे वेगळं पाजायचं कारण नाही. जेवणात भातावर, पोळीवर मिळून दिवसाकाठी दोन-तीन चहाचे चमचे ठीक. नातीचं वजन आधीच जास्त असेल किंवा साखर असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारून. डिंकाअळिवाचे लाडू बाळंतपणानंतर ठेवण्याची तुमची पद्धत तशीच राहू द्या.

---

चेंदणीची_पोर | १६ जून, रात्री ८:४५

आम्ही चेंदणी कोळीवाड्यातले. आमच्याकडे पोटुशी बाईला बांगड्याचं आणि तारलीचं कालवण ठरलेलं. आई म्हणते बाळ तरतरीत होतं. यात खरं किती?

---

कडीपत्ता | १६ जून, रात्री ९:३०

आईंचं निरीक्षण चांगलं आहे. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे, डीएचए भरपूर, आणि लहान असल्यानं त्यांच्यात पारा कमी साठतो. आठवड्यातून दोनदा कालवणात खावेत. मुशीसारखे मोठे शिकारी मासे गरोदरपणात टाळावेत, त्यांच्यात पारा जास्त असतो.

सध्या १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आहे, तेव्हा ताजा बांगडा मिळणं अवघड. म्हणून सुक्या मासळीवर भर देऊ नका, त्यात मीठ फार आणि या दिवसांत रक्तदाबाकडे बघावं लागतं. न खाणाऱ्यांसाठी जवसाची चटणी आणि अक्रोड आहेत. त्यांच्यातल्या मेदाम्लाचं डीएचए शरीरात थोडंच बनतं, म्हणून शाकाहारी बाईनं शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

एक राहिलं होतं. पुण्याच्या त्याच अभ्यासात १८व्या आठवड्याला दूध आणि २८व्या आठवड्याला पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं आकारानं मोठी होती. १८व्या आठवड्यातल्या आहारातल्या स्निग्धांशाचाही संबंध दिसला. नुसत्या उष्मांकांचा आणि प्रथिनांचा तसा दिसला नाही. मेथी, माठ, चवळी, शेपू काहीही चालेल. उकडून नको, फोडणी घालून, वर चमचाभर दाण्याचा कूट. पालेभाजीतलं अ-जीवनसत्त्वाचं द्रव्य अंगी लागायला तेल लागतंच.

---

घोडबंदरकर | १७ जून, रात्री १२:१०

थोडा वेगळा प्रश्न. माझ्या बायकोला कोलेस्टेरॉल आनुवंशिक आहे. वडील चाळिशीत हृदयविकारानं गेले. तिचं एलडीएल गोळी घेण्याआधी २४० होतं, आता स्टॅटिन चालू आहे. आम्हाला मूल हवंय. गोळी बंद करायची की चालू ठेवायची?

---

तलावपाळी | १७ जून, सकाळी ७:१५

दिवस राहण्याच्या आधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा, दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. पूर्वी गरोदरपणात स्टॅटिनवर सरसकट बंदी होती. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं ती सरसकट बंदी काढायला सांगितली, पण बहुतेक बायकांनी दिवस राहिल्यावर गोळी थांबवावी हा सल्ला कायम ठेवला. आनुवंशिक कोलेस्टेरॉलसारख्या फार जोखमीच्या बायकांचा निर्णय एकेकीचा वेगळा होतो. रक्तात न शोषली जाणारी, आतड्यातच पित्ताम्लं बांधून ठेवणारी औषधं असतात, काही वेळा त्यांचा आधार घेतात. आपल्या मनानं बंद करू नका आणि आपल्या मनानं चालूही ठेवू नका.

इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ट्रायग्लिसराइड्स उपाशीपोटी ५०० च्या वर असतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हजाराच्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. पोटाच्या वरच्या भागात जबर कळ, ती पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर सरळ रुग्णालय गाठा. असं क्वचित होतं, पण आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येतं.

---

पारिजात_नेरुळ | १८ जून, रात्री ९:००

काल परत जाऊन ग्लुकोजची तपासणीही करून आले, म्हणून उशीर झाला. दाब ११०/७०. दोन तासांची साखर १२४. लघवी साफ. टीएसएच ठीक. सोनोग्राफीत बाळ १ किलो २०० ग्रॅम, लहान बाजूला पण मर्यादेत, रक्तप्रवाह चांगला. तीन आठवड्यांनी पुन्हा वाढ बघायची आहे. लिपिड प्रोफाइल आता बाळंतपणानंतरच.

डॉक्टर माझ्यावर चिडल्या नाहीत. फक्त विचारलं, ‘बारा दिवस भूक लागत नव्हती का?’ मला तिथेच रडू आलं. लागायची. रात्री दोन वाजता उठून पाणी पिऊन झोपायचे, कारण मला वाटायचं भूक सोसणं म्हणजे बाळाची काळजी घेणं.

घरी आले तर सासूबाईंनी बरणी खाली काढून ठेवली होती. त्यांनी हा धागा वाचलाय. काही बोलल्या नाहीत, वरणभातावर तूप वाढलं. दिरांनी मेसेज केला की मी घाबरून लिहिलं, माफ कर. त्यांची आजी हृदयविकारानं गेली, त्यामुळे कोलेस्टेरॉल म्हटलं की त्यांना तेच दिसतं. मलाही ते समजतं.

---

खारघरची_आई | १८ जून, रात्री ९:४०

वाचून डोळे भरून आले. तुझी साखर चांगली आली याचा फार आनंद झाला. रस बंद कर, अख्खी मोसंबी खा.

---

पारिजात_नेरुळ | १३ जुलै, दुपारी १:२०

३३ आठवडे. बाळ १ किलो ९५० ग्रॅम. माझं वजन दीड किलोनं वाढलं. दोन अंडी बलकासकट, पालेभाजी, दाण्याची चटणी, दूध दोन वेळा, तूप तीन चमचे. ऑफिसच्या कॅन्टीनमधली खारी आणि क्रीमची बिस्किटं पूर्ण बंद.

---

पारिजात_नेरुळ | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

परवा पहाटे मुलगी झाली. २ किलो ८६० ग्रॅम. नैसर्गिक प्रसूती, दोघी बऱ्या आहोत. माझ्या आईनं तिला हातात घेतल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, ‘हिला कापूस नको.’

---

तलावपाळी | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

खूप खूप आशीर्वाद. अंगावरचं दूध पाज, आणि स्वतः उपाशी राहू नकोस.

---

कडीपत्ता | २४ ऑगस्ट, रात्री ८:००

मनापासून अभिनंदन! नवीन वाचणाऱ्यांसाठी एक ओळ: हे वजन तुपामुळे आलं असं समजून कुणी तुपाचं प्रमाण वाढवू नका. पारिजात पोटभर आणि बरोबर जेवायला लागली, तिची वार चांगली होती, साखर आणि दाब नीट होते. वजन या सगळ्याचं मिळून असतं, आईवडिलांच्या बांध्याचंही. आणि नुसत्या वजनावर सगळं ठरवू नका. पुण्याची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या पाठीवरची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणून आईच्या ताटात डाळ, दूध, अंडी, भाजी हे सगळंच हवं.

---

पारिजात_नेरुळ | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

अकरा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड्स ११८, एचडीएल ५४, एलडीएल १३४. अजून दोन आकडे लालच आहेत. सूक्ष्मदर्शक दादा, हे आता माझं स्वतःचं समजायचं का?

---

सूक्ष्मदर्शक | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

इतक्यात नाही. ट्रायग्लिसराइड्स बाळंतपणानंतर लवकर उतरतात, कोलेस्टेरॉल आणि एलडीएल सावकाश, काहींना कित्येक महिने लागतात. तीन-चार महिन्यांनी परत करा आणि यावेळी फॉर्मवर जागा नसली तरी कोपऱ्यात पेननं लिहा: अमुक तारखेला प्रसूती, स्तनपान चालू. तेव्हाही जास्त आलं तर डॉक्टरांना दाखवा, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर तोही सांगा.

---

ऐरोली_सेक्टर८ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:३०

धागा आत्ता सापडला. माझा २६वा आठवडा आहे. ट्रायग्लिसराइड्स ४१२, कोलेस्टेरॉल २८१. आजपासून तेल बंद करू का?

---

पारिजात_नेरुळ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४५

नको, तेल बंद करू नकोस, आणि रात्री भूक लागली तर खा. पण ४१२ हा आकडा २६व्या आठवड्याला माझ्यापेक्षा बराच वर आहे, तो डॉक्टरांना उद्याच दाखव. रक्त उपाशीपोटी दिलं होतंस का? ग्लुकोज पाजून साखर बघितली का? दाब किती आहे? घरात कुणाला कोलेस्टेरॉल किंवा मधुमेह? मी जागी आहे, मुलगी दूध पितेय. लिही.